श्रीखंडी की आकाशी?

“दुकानात बघितला तेव्हा हा रंग असा नव्हता.” घर रंगवून झाले की हे वाक्य कोणीतरी बोलतेच. मग दुकानदार शेड कार्ड काढून दाखवतो. क्रमांक तोच असतो. रंगारी रिकामा डबा उलटा करून दाखवतो. त्यावरही तोच क्रमांक. तरी भिंतीवरचा रंग तो नसतो. गंमत म्हणजे यात कोणीही खोटे बोलत नसते.

दोन रंगांतून एक निवडायचा असेल, तर तुलना नेमकी कशाची करायची? हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही, म्हणून एक खोली डोळ्यांसमोर धरू. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या निमगाव सावा गावात नवे घर बांधले आहे असे समजा. मागची खोली १० बाय १२ फुटांची. खिडकी एकच, तीही उत्तरेकडे, आणि खिडकीबाहेर लगेच उभा ऊस. नारायणगावच्या दुकानातून शेड कार्ड आले आहे. सुनेने आकाशीवर बोट ठेवले आहे, सासूने श्रीखंडीवर.

“अहो आत्या, आकाशीनं खोली मोठी वाटते.”

“वाटू दे गं. पण भिंतीला ओल आल्यासारखी दिसते ती.”

दोघींचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे. पण त्याआधी भिंतीला रंग ‘असतो’ म्हणजे काय, ते पाहावे लागेल.

१. डब्यात असते ती चाळणी

निमगाव साव्याजवळच खोडद आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करतात. त्या लहरींची लांबी साधारण वीतभरापासून दोन मीटरपर्यंत असते. आपल्या डोळ्यांत शिरणारा उजेडही त्याच कुळातला, फक्त त्याच्या लहरी फार बारीक: मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतल्या चार ते सात भागांएवढ्या. चारच्या आसपासची लहर आपल्याला जांभळी-निळी दिसते, सातच्या आसपासची लाल. मधल्या लहरींत हिरवा, पिवळा, नारिंगी. आपले डोळे खोडदच्या तबकड्यांसारखे असते, तर विटांची भिंत बऱ्याच अंशी आरपार दिसली असती आणि तिला रंग कोणता द्यावा यावर घरात वाद झाला नसता.

उन्हात या सगळ्या लहरी मिसळलेल्या असतात, म्हणून ऊन पांढरे वाटते. भिंतीवरचा रंग त्यात काहीही घालत नाही, उलट काढून घेतो. रंगाचा डबा म्हणजे एक चाळणी आहे असे समजा. श्रीखंडी रंगाची चाळणी निळ्या लहरींपैकी बऱ्याच अडवून ठेवते आणि बाकीच्या जवळजवळ सगळ्या परत सोडते. आकाशी चाळणी लाल-पिवळ्यातला काही भाग अडवते. परत आलेला माल डोळ्यात जातो, आणि त्याला आपण रंग म्हणतो. चाळणीत गहू टाकलाच नाही, तर खाली गहू पडणार नाही. हे एवढे ध्यानात ठेवले, की या प्रकरणातल्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

जुनी माणसे हे पुस्तकाशिवाय जाणत होती. दिवाळीच्या आधी घराला चुना काढताना बादलीत चिमूटभर नीळ टाकायची पद्धत होती. पांढऱ्यात निळे घातल्यावर भिंत अधिक पांढरी कशी होते? साधा चुना किंचित पिवळट असतो. समजा, तो लाल-पिवळ्या भागातले १०० पैकी ८५ परत देतो आणि निळ्यातले ७८. नीळ पिवळ्या बाजूचे थोडे खाऊन टाकते आणि दोन्ही ७८ वर येतात. हिशेबाने भिंत आधीपेक्षा कमी उजळ झाली, पण पिवळी झाक गेली, आणि डोळा त्यालाच ‘जास्त पांढरे’ म्हणतो. ही पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. हाच निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या दगडापासून मिळे. अजिंठ्याच्या चित्रांतही तो आहे, आणि युरोपात त्याला सोन्याची बरोबरी करणारा भाव येई. फ्रान्समध्ये गिमे यांनी तो भट्टीत तयार करून दाखवला आणि १८२८ मध्ये त्यासाठी बक्षीस मिळवले. तेव्हापासून तो धोब्याच्या बादलीत जाण्याइतका स्वस्त झाला. चुन्याच्या तिखटपणात तो टिकतो, हाही त्याचा मोठा गुण. प्रशियन निळा हा दुसरा नामांकित निळा चुन्यात मरतो.

२. खिडकीतून काय येते?

चाळणी कळली. आता तिच्यात पडणाऱ्या मालाकडे वळू.

निमगाव सावा साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य इथे दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर तो दुपारी जेमतेम ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि छज्जा आड येत नसेल, तर ते ऊन साडेसहा फूट आत येते. उत्तरेच्या खिडकीला हे सुख नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो खरा, पण तेव्हा तो इतका उंच असतो की छज्जाच त्याला बाहेर थोपवतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकी उन्हे येतात तेवढीच. एरवी या खिडकीतून येतो तो आभाळाचा उजेड, आणि निरभ्र आभाळाचा उजेड निळसर असतो.

आता सासूबाईंची तक्रार पाहा. निळसर उजेड आकाशी भिंतीवर पडला. भिंतीने त्यातला आधीच थोडा असलेला लाल-पिवळा भाग आणखी कमी केला. राहिला तो गारठलेला, करडेपणाकडे झुकणारा निळा. ओल आलेल्या भिंतीचा रंगही असाच मंद आणि करडा असतो. ‘ओल आल्यासारखी’ हे वर्णन अगदी नेमके आहे! तीच निळसर किरणे श्रीखंडी भिंतीवर पडली, तर जास्तीचा निळा तिथे अडतो आणि परत येणारा उजेड बराच समतोल होतो.

पण खिडकीबाहेर ऊस आहे, हे विसरून चालणार नाही. उसाच्या पात्यांवर आपटून येणारा उजेड हिरवट असतो, आणि ऊस खिडकीच्या जितका जवळ आणि जितका उंच, तितका आभाळाचा वाटा कमी आणि हिरव्याचा जास्त. फिकट, पांढऱ्याकडे झुकणाऱ्या भिंतीवर तो हिरवा चटकन दिसतो. शेड कार्ड छापणाऱ्याने ऊस धरलेला नसतो.

रात्रीचा हिशेब वेगळा. एलईडी दिव्याच्या खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असा आकडा आणि त्यापुढे ‘के’ लिहिलेले असते. लोखंड तापवत नेले की आधी ते लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. या प्रवासात कोणत्या तापमानाला वस्तू कोणत्या रंगाचा उजेड देते, त्यावरून हा आकडा दिला जातो. ‘के’ म्हणजे केल्विन. २७०० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा उजेड, ६५०० म्हणजे ढगाळ दिवसाच्या उजेडासारखा पांढरा-निळसर. गावाकडच्या दुकानांत सर्रास ६५०० चे दिवे असतात. पिवळ्या दिव्यात निळ्या लहरी फार कमी. त्याच्याखाली आकाशी भिंत मळकट दिसते, कारण परत द्यायला तिच्याकडे निळा येतच नाही. श्रीखंडी मात्र पिवळ्या दिव्याखाली चांगलीच पिवळी होते.

दोन डबे दुकानातल्या ट्यूबखाली सारखे दिसतात आणि घरी वेगळे, हा अनुभवही इथलाच. दोन चाळण्यांची भोके वेगळी असूनही एखाद्या विशिष्ट मालातून दोन्हींखाली सारखेच ढीग पडू शकतात. माल बदलला की ढीग बदलतात. म्हणून जुन्या भिंतीला ‘मॅचिंग’ करून आणलेला नवा रंग दिवसा बेमालूम दिसतो आणि रात्री दिवा लावताच ठिगळासारखा उघडा पडतो.

३. कार्डावर साय, भिंतीवर आंबा

कार्डावरचा तुकडा दोन बोटांचा असतो. त्यावर पडलेला उजेड एकदा चाळला जातो आणि थेट डोळ्यात येतो. खोलीत तसे होत नाही. एका भिंतीवरून निघालेला उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तिथून तिसऱ्या, तिथून पुन्हा पहिल्या. तोच माल त्याच चाळणीतून पुन्हा पुन्हा जातो.

आकडे घेऊन पाहू. समजा, श्रीखंडी रंग लाल-पिवळ्या भागातले १०० पैकी ८० परत देतो आणि निळ्यातले ५६. पहिल्या चाळणीनंतर दोहोंचे प्रमाण १० ला ७. दुसऱ्या भिंतीवरून ८० चे ८० टक्के म्हणजे ६४ आले, आणि ५६ चे ५६ टक्के म्हणजे सुमारे ३१. प्रमाण झाले १० ला ५. तिसऱ्यानंतर ते १० ला साडेतीनवर येते. भिंतीकडे पाहताना डोळ्यात या सगळ्या फेऱ्यांचा उजेड एकत्र पोचतो, म्हणून भिंत कार्डापेक्षा गडद रंगलेली दिसते. कोपऱ्यात, जिथे दोन भिंती एकमेकींच्या तोंडाशी असतात, तिथे हे सर्वांत जास्त जाणवते. श्रीखंडाचा आमरस होतो तो असा.

यातून निघणारा नियम सोपा आहे. चारही भिंती एकाच रंगाच्या करायच्या असतील, तर कार्डावर आवडलेल्या तुकड्यापेक्षा एक-दोन घरे फिकट आणि थोडा मंद तुकडा घ्यावा. एकाच भिंतीला गडद रंग देऊन बाकीच्या पांढऱ्या ठेवल्या, तर हा नियम जवळजवळ लागू होत नाही, कारण परत परत चाळायला समोर तीच चाळणी नसते.

या आपटाआपटीचा दुसरा परिणाम खोलीच्या उजेडावर होतो, आणि माझ्या मते रंगाच्या छटेपेक्षा तो महत्त्वाचा आहे. भिंती, छत, फरशी, कपाट सगळे मिळून खोली सरासरीने पडलेल्या उजेडातला ६० टक्के परत देते असे समजा. बाहेरून १०० भाग उजेड आत आला. पहिल्या फेरीत ६० परत, मग त्याचे ६० टक्के म्हणजे ३६, मग सुमारे २२, १३, ८… सगळ्यांची बेरीज पहिल्या १०० सकट २५० होते. हीच सरासरी ४० टक्के असेल, तर १००, ४०, १६, ६… अशी बेरीज जेमतेम १६७. खिडकी तीच, सूर्य तोच, पण एका खोलीत दीडपट उजेड. डोळा उजेडाशी जुळवून घेतो, त्यामुळे फरक दीडपट ‘वाटत’ नाही, पण सुईत दोरा ओवायला बसलात तर नक्की कळतो.

तेव्हा उत्तरेच्या एका खिडकीच्या खोलीत डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी हे रंग चारही भिंतींना देऊ नयेत. साडीला ते शोभतात. आणि छत पांढरेच ठेवावे. तिथे कपाट, चित्र, कॅलेंडर काही येत नाही. घरातली सर्वांत मोठी मोकळी चाळणी तीच.

सुनेचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. खोली मोठी वाटते ती मुख्यत्वे भिंती आणि छत उजळ असल्यामुळे. निळा दूर सरकतो आणि पिवळा जवळ येतो, असे म्हणतात आणि त्यात थोडे तथ्य आहे, पण उजळपणापुढे ते फार तोकडे आहे. फिकट श्रीखंडीने खोली गडद आकाशीपेक्षा मोठीच वाटेल.

४. बघणारा कोण?

उजेड आणि भिंत झाली. आता डोळा.

पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्रुल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळ्या धाग्याचा रंग नीट बसत नाही, अशा तक्रारी त्यांच्याकडे येत. त्यांनी तपासले, तर धागा चांगलाच होता; शेजारच्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच काढला. एखादा रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेने ढकलतो. लाल गालिच्याशेजारचा करडा हिरवट वाटतो. शेड कार्डावर आकाशीचा तुकडा मोरपंखीला चिकटून असेल तर बिचारा पांढराच भासतो. म्हणून कार्डावरचा तुकडा बघायचा तर आजूबाजूचे तुकडे करड्या कागदाने झाकून बघा.

मेंदू आणखी एक काम न सांगता करतो: उजेडाचा रंग ओळखून तो वजा करतो. पिवळ्या दिव्याखाली भात आपल्याला पांढराच दिसतो तो त्यामुळे. वजाबाकीचा अंदाज माणसागणिक वेगळा निघू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर भांडणे झाली. काहींना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. पोशाख खरोखर निळा-काळा होता. फोटोत उजेड कसला आहे हे नीट कळत नव्हते, म्हणून प्रत्येक मेंदूने आपापला अंदाज बांधला. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून भिंतीचा रंग पसंत करणाऱ्यांनी हे आठवावे.

वयाचाही भाग असतो. डोळ्यातले भिंग वयानुसार पिवळट होत जाते आणि निळा उजेड कमी आत सोडतो. मेंदू बरीच भरपाई करतो, पण अंधूक खोलीत सत्तरीच्या डोळ्याला फिकट आकाशी आणि करडा यांतला फरक तरुण डोळ्याइतका सहज कळत नाही. चित्रकार मोने यांनी १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यानंतर त्यांना जग फारच निळे दिसू लागले. आपल्याकडेही मोतीबिंदू काढून आलेले आजोबा ‘भिंत कधी रंगवली?’ असे विचारतात. म्हणजे आपल्या खोलीत दोघी भांडत आहेत त्या एकाच आकाशीबद्दल नाही.

मग दुकानातले यंत्र कोणाच्या डोळ्याने रंग जुळवते? १९३१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत ‘प्रमाण डोळा’ ठरवण्यात आला. त्याला आधार होता राइट यांनी तपासलेल्या १० आणि गिल्ड यांनी तपासलेल्या ७ माणसांच्या डोळ्यांचा. त्या १७ जणांच्या सरासरीवर उभारलेले गणित आजही जगभर वापरात आहे, आणि ते आश्चर्यकारकरीत्या चांगले चालते. पण त्या १७ जणांत तुमच्या आत्याबाई नव्हत्या.

५. नमुना कसा करावा

दुकानातून दोन्ही रंगांचे लहानात लहान डबे आणा. दोन बाय दोन फुटांचे पुठ्ठे घ्या, त्यांना पांढरा प्रायमर द्या आणि मग रंगाचे दोन हात. थेट भिंतीवर नमुना मारण्यापेक्षा पुठ्ठा बरा, कारण तो खिडकीशेजारच्या भिंतीवरून समोरच्या भिंतीवर, तिथून कोपऱ्यात हलवता येतो. जुनी भिंत गडद निळी असेल तर तिच्यावर एक हात मारून नमुना बघण्यात अर्थच नाही. खालचा निळा वर डोकावतो. जुन्या घरातल्या ऑइल पेंटचे थर खरवडताना तोंडावर कापड बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही.

ओला रंग पाहून निर्णय घेऊ नका. चुना, गेरू, पांढरी माती ओली असताना गडद दिसते आणि वाळली की उजळते. चुना तर लावताना जवळपास पारदर्शक असतो आणि वाळताना पांढरा होत जातो. प्लास्टिक पेंटचे बहुधा उलटे. त्यातले डिंकासारखे थेंब पाण्यात तरंगत असताना दुधाळ दिसतात. वाळले की एकजीव होऊन पारदर्शक होतात, दुधाळपणा जातो आणि रंग थोडा गडद होतो. म्हातारी माणसे ‘वाळला की उतरेल’ म्हणतात ते चुन्याच्या अनुभवावरून. प्लास्टिक पेंटला तो अनुभव लावला की फसगत होते.

पुठ्ठे एकमेकांना चिकटवून ठेवू नका, नाहीतर शेव्रुल आडवे येतात. एका वेळी एकच ठेवा आणि ज्या वेळी ती खोली खरोखर वापरता त्या वेळी बघा. झोपायची खोली असेल तर दिव्याखालचा निकाल मोठा. मुले दुपारी अभ्यासाला बसत असतील तर दुपारचा. दिवेलागणीला दिवा न लावताही एकदा बघा. पुर्किन्ये या शास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये लिहून ठेवले, की उजेड उतरतो तसे लाल आधी काळवंडते आणि निळे तुलनेने उजळ राहते. त्या अर्ध्या तासात आकाशी जिंकते. वीज गेलेली असेल, तर जास्तच.

दिवा मात्र आधी ठरवा आणि मग रंग. दिवा शंभर-दीडशे रुपयांत बदलता येतो, भिंत नाही, असे वाटून लोक उलटे करतात. पण रंग ठरल्यावर दिवा बदलला की सगळी तुलना वाया जाते.

आपल्या खोलीपुरता माझा कौल श्रीखंडीला, कार्डावरच्यापेक्षा दोन घरे फिकट, आणि दिवा ४००० केल्विनचा. आकाशी वाईट नाही. पुढच्या पश्चिमेकडच्या खोलीत, जिथे चार वाजल्यापासून तांबूस ऊन भरते, तिथे सुनेने तो जरूर लावावा. फक्त घाई नको. साखर कारखान्याची टोळी येऊन उसाची तोड झाली, की मागच्या खिडकीतला हिरवा उजेड जाईल, आभाळ मोकळे दिसेल आणि खोली आतून उजळेल. पुठ्ठे तोवर कपाटामागे जपून ठेवा आणि तोडीनंतर पुन्हा एकदा भिंतीला टेकवून पाहा.